उतारावरची गाडी

परवा राजारामपुरीत एका जुन्या गाडीजवळ कच्च्या पेट्रोलचा वास आला आणि वडिलांची दोन सीटची, उघड्या टपाची विलायती गाडी आठवली. दुकानाच्या जागेची अनामत दुसऱ्या दिवशी भरायची होती, म्हणून ती विकायला काढलेली. तिचा सेल्फ, म्हणजे किल्ली फिरवून इंजिन सुरू करणारा स्टार्टर, कधीचाच गेला होता, त्यामुळे वडील ती कायम आमच्या गल्लीच्या उतारावर लावायचे. ब्रेक सोडला की घरंगळत सुरू व्हायची. पुण्याहून आलेल्या गिऱ्हाइकालाही त्यांनी तशीच सुरू करून दाखवली. पण खाली सपाटीवर पोचल्यावर त्याने स्वतःच इंजिन बंद केलं आणि म्हणाला, "आता मी सुरू करून बघतो." वडिलांनी किल्ली काढून मुठीत धरली. तेवढ्यात माझ्यासोबत मागून चालत आलेली आई म्हणाली, "सेल्फ चालत न्हाय, पावणं. ढकलाय लागती." गिऱ्हाईक म्हणालं, "मग भाव कमी होईल." आई म्हणाली, "हुं दे की. वाटंत बंद पडल्यावर शिव्या आमालाच देशीला." भाव उतरला, तरी अनामतीपुरता राहिला. मग आम्हीच ती ढकलली. गाडी सुरू होऊन वळणाआड गेली, तरी वडिलांचे हात पुढेच होते. आज माझ्या गाडीचा सेल्फ उत्तम आहे, पण जागा मिळाली की मी ती उतारावरच लावतो.