सीलबंद टाकी

आमच्या घरी पाहुण्याला पाण्याचा तांब्या मिळायच्या आधी गाडीचं ॲव्हरेज ऐकायला मिळायचं. बाबा ओतूरहून रोज जुन्नरला एका शाळेत प्रयोगशाळा सहायक म्हणून जात. पण त्यांचा खरा प्रयोग म्हणजे त्यांची शंभर सीसीची जुनी मोटरसायकल. पिंपळवंडीच्या एका बागायतदाराकडून त्यांनी ती सेकंडहँड घेतली होती. किल्ली हातात देताना तो हसत म्हणाला होता, की ही आता देणार काही नाही, पीत मात्र राहील. बाबांच्या ते जिव्हारी लागलं. त्या दिवसापासून त्यांनी गाडीला आणि घराला शिस्त लावली.

गाडीचे आरसे उतरले, कॅरियर उतरलं, साइड स्टँडसुद्धा गेलं. टायरमध्ये हवा जरा जास्तच ठेवायची. पेट्रोल सकाळच्या गारव्यात भरायचं, तेही गाडी मेन स्टँडवर लावून, हलवून हलवून आतला बुडबुडा काढून. कार्बोरेटरचा स्क्रू पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे करत रविवारची सकाळ जायची. चाळिशीच्या पुढे काटा जाऊ द्यायचा नाही आणि ब्रेकला शक्यतो पाय लावायचा नाही. लांबवर म्हैस दिसली की बाबा तिथूनच ॲक्सिलरेटर सोडत, म्हणजे गाडी पोहोचेपर्यंत म्हैस रस्ता ओलांडून गेलेली असे. आई म्हणायची, पोटातली भाकरीपण इथंच काढून ठेवून जा, तेवढंच वजन कमी. बाबा त्यावर खरंच विचार करत असावेत, असं मला वाटायचं.

मी तेव्हा बारावीत होते आणि मला या सगळ्याचा राग यायचा. मैत्रिणींचे वडील गाडीवरून भर्रकन जात. आमचे बाबा असे येत, की शेजारून सायकलवाला पुढे जाऊन वळून बघे. पण एक गोष्ट सांगायला हवी. एवढे चिकट असूनही बाबांनी मागची सीट कधी रिकामी नेली नाही. आमच्याकडे यष्टीचा भरवसा तेवढाच. रस्त्यानं चालणारा दिसला, की कुठं पावणं, म्हणून थांबायचं, ही रीतच होती. ॲव्हरेज दोघांना घेऊनच काढायचं, असं बाबा म्हणत.

त्या सीटवर सगळ्यात जास्त बसली असेल ती माझी आत्या. बाबांची थोरली बहीण, डिंगोऱ्याला दिलेली. आजी लवकर गेली तेव्हा बाबा अजून रांगत होते. आत्यानं त्यांना कडेवर वाढवलं, स्वतःची शाळा सोडली, दुसऱ्याच्या वावरात खुरपायला जाऊन त्यांना शिकवलं. तिच्या लग्नाची बोलणी तिनंच दोनदा मोडली, कारण भाऊ अजून लहान होता. बाजाराच्या दिवशी बाबा डिंगोऱ्याला जाऊन तिला घेऊन येत. ती एका बाजूला पाय सोडून बसायची, बाबांचा खांदा धरायची आणि रस्ताभर दिसेल त्या माणसाला हाक मारायची. तिच्या आयुष्यात चैन म्हणून काही असेल, तर तेवढीच होती.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी नारायणगावच्या एका शोरूमनं ॲव्हरेजची स्पर्धा ठेवली. टाकी त्यांच्यासमोर काठोकाठ भरायची, झाकणाला ते लाखेचं सील लावणार. मग आपापल्या रोजच्या कामाला गाडी चालवायची, ती बंद पडेपर्यंत. जिथं बंद पडेल तिथून फोन करायचा, ते येऊन मीटर बघणार. अट एकच होती. गाडीवर एकट्यानंच बसायचं.

बाबांनी नाव दिलं. आई म्हणाली, कशाला नसता उद्योग. रात्री जेवताना बाबांनी सांगितलं, की आजवर त्यांचं नाव मायकवरून फक्त विहारात घेतलं गेलंय, आणि तेही सतरंज्या घालायला बोलावताना. एकदा तरी ते चार गावच्या माणसांसमोर घेतलं जावं, असं त्यांना वाटत होतं. मला त्यांची कीव आली आणि त्या किवेची लाजही वाटली.

सील लागलं त्या दिवसापासून मागची सीट रिकामी झाली. ओळखीची माणसं रस्त्यात हात करत. बाबा सुरुवातीला थांबून स्पर्धेचं सांगत, पुढं पुढं मान हलवून निघून जाऊ लागले. शेजारचे काका म्हणाले, बसवा की राव, कोण बघतंय? बाबा म्हणाले, "मी बघतोय न्हवं." हे ऐकून मला अभिमान वाटला होता. खोटेपणा त्यांना जमत नव्हता, हे खरंच होतं.

जुन्नरहून ओतूरला येताना गणेश खिंड लागते. खिंड चढली की पुढं उतार. तिथं बाबा इंजिन बंद करत आणि गाडी नुसती सोडून देत. उतारावर एकदाही न थांबता आलं, तर खालचा सपाट रस्ताही बऱ्याच अंतरापर्यंत फुकट कापला जातो, हा त्यांचा हिशेब. टाकी संपत आली होती, गाडी रिझर्व्हवर होती, आणि इतरांच्या गाड्या बंद पडल्याच्या बातम्या येत होत्या. अशा एका दुपारी बाबा घरी आले ते गाडी लावून तसेच ओट्यावर बसले. आईनं पाणी दिलं, ते त्यांनी हातातच धरलं.

"आक्का खिंडीत बसली व्हती," ते म्हणाले.

मग तुटक तुटक सगळं सांगितलं. आत्या जुन्नरला डोळे दाखवायला गेली होती. येताना जीप खिंडीत बिघडली असावी. उतारावर झाडाखाली चार बाया बसल्या होत्या, त्यात ती होती. बाबा इंजिन बंद करून येत होते. दोन हातांवरून गेले. ती उठून उभी राहिल्याचं त्यांना दिसलं. ते थांबले नाहीत.

आई एरवी त्यांच्यापुढं आवाज चढवत नसे. त्या दिवशी तिनं विचारलं, की ज्या बाईनं तुम्हाला वाढवलं तिला उन्हात सोडून आलात, कशासाठी? बाबा म्हणाले, बसवता तर येत नव्हतंच. आणि तिला डोळ्यांनी धड दिसत नाही, तोंडाला रुमाल बांधला होता, गाडीचा आवाज नव्हता. तिनं ओळखलं नसेल. ते हे दोनदा बोलले. तिनं ओळखलं नसेल. मी आतेभावांना फोन करायला नाक्यावरच्या बूथवर गेले. आत्या दुसऱ्या जीपनं घरी पोचली होती.

पुढच्याच आठवड्यात निकाल लागला. बाबा पहिले आले. शोरूमपुढं मांडव होता, आमदारांच्या जवळचे कोणी पाहुणे होते, आणि मायकवरून बाबांचं नाव आडनावासकट दोनदा घेतलं गेलं. आत्या यष्टीनं आली होती. धुतलेलं लुगडं नेसून मागच्या रांगेत आईशेजारी बसली आणि सगळ्यांत आधी तिनंच टाळ्या वाजवल्या. मला हायसं वाटलं. ओळखलं असतं तर आली नसती, असं मला वाटलं, आणि बाबांनाही तसंच वाटलं असणार, कारण त्यांचा चेहरा उजळला.

ढाल हातात देऊन सूत्रसंचालकानं विचारलं, की एवढं ॲव्हरेज काढायचं गुपित काय? बाबा मायकसमोर सरसावले.

"काय न्हाई साहेब. मधी कुटं थांबायचं न्हाई."

मांडव हसला. बाबांचं वाक्य तोंडातून निघून गेलं आणि मग त्यांची नजर मागच्या रांगेकडं गेली. आत्या हसत नव्हती, रागावलेलीही नव्हती. ती चष्म्याच्या काचा पदरानं पुसत होती.

कार्यक्रम संपल्यावर बाबांनी गाडी तिच्यापुढं आणून उभी केली, आता अट नाही, बस म्हणाले. ती म्हणाली, गुडघे दुखतात, मला यष्टीच बरी. त्या दिवसानंतर ती बाबांच्या गाडीवर कधी बसली नाही. आमच्याकडे येणं तिनं सोडलं नाही. सणाला यायची, माझ्या लग्नात तिनं रात्रभर पोळ्या लाटल्या, बाबांच्या पानात आधी वाढायची. फक्त यायची ती यष्टीनं आणि जायची ती यष्टीनं. यष्टी चुकली तर फाट्यावर जाऊन बसायची. बाबा तिच्यामागं गाडी घेऊन जात, बराच वेळ तिच्याशेजारी उभे राहत, आणि ती यष्टीत चढली की परत येत. याबद्दल दोघं कधीच बोलले नाहीत. मला वाटायचं की एकदा भांडा तरी, म्हणजे संपेल. पण भांडायला आधी कबूल करावं लागतं, आणि बाबा त्या 'ओळखलं नसेल'ला धरून बसले होते.

अशी सात-आठ वर्षं गेली. आत्यानं अंथरूण धरलं तेव्हा मी माहेरी आले होते. बाबांबरोबर डिंगोऱ्याला गेले. बाहेर ऊन होतं, ती आत गोधडीवर पडली होती, अगदी मूठभर झाली होती. सुनेनं चहा आणून ठेवला. बाबांनी कपाला हात लावला नाही. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून ते एकदम म्हणाले,

"आक्का, त्या दिशी खिंडीत मी तुला बघितलं व्हतं."

आत्यानं मान वळवली. "म्हायती हाय. म्या बी बघितलं."

"तोंड बांधलं व्हतं मी."

"तोंड कशाला लागतंय? पाठ वळखली. म्या न्हाऊ घातल्याली पाठ हाय ती."

बाबांनी खाली बघितलं. त्यांचं म्हणणं होतं, की टाकी सील होती, बसवता आलं नसतं. आत्या म्हणाली, ते तिला ठाऊक होतं. ती बसलीही नसती. तिला वाटलं होतं, की भाऊ थांबेल, आज नेता येत नाही म्हणेल, मग ती त्याला लवकर जा म्हणेल. तेवढ्यासाठीच ती उठून उभी राहिली होती. मग दम लागला म्हणून ती थांबली. मी तिला पाणी पाजलं.

"बायांनी इचारलं मला," ती बाबांकडं बघत म्हणाली, "तुजा भाऊ ना गं त्यो? म्हनलं, न्हाई बाई. माजा भाऊ आसता तर थांबला आसता."

बाबा माझ्यासमोर, तिच्या सुनेसमोर, मोठ्यानं रडले. आत्यानं त्यांना रडू दिलं.