न चं पानी

मॅडमनी माझी चिठ्ठी सगळ्या शेडसमोर वाचली. माझ्या बोलण्याची नक्कल करत वाचली.

"पानी पेत न्हाई. बिल्ला मिळत न्हाई. पोटात लई दुकतं."

मग म्हणाल्या, "नाव नाहीये. पण हा 'न' डोंगरावरचा आहे."

खालच्या गावातल्या बायाही पानीच म्हणतात. तरी सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. धनगरवस्तीवरून येणारी मी एकटी. साठ जणी हसल्या. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

मार्गासनीच्या रस्त्याला आमची मसाल्याची कंपनी. मी लागले तेव्हा आम्ही बारा बायका होतो. कंपनी वाढली. पुण्याहून या मॅडम आल्या. भिंतीवर 'आपण एक कुटुंब' असं रंगवलं. वाढदिवसाला केक आला. दाराशी पेटी आली. मनात असेल ते लिहा, नाव घालू नका.

संडासला जायला मात्र बिल्ला एकच. साठ बायकांत एक. ज्या बाईच्या गळ्यात बिल्ला, तिनंच जायचं. म्हणून मी सकाळपासून पाणी पिणं सोडलं. दुपारपर्यंत अंगाची आग व्हायची. भोरच्या डॉक्टरांनी सांगितलं, भरपूर पाणी प्या. त्यांना काय सांगणार?

चिठ्ठी फळ्यावर लागली. प्रत्येक 'न'भोवती लाल गोल. वर लिहिलेलं, 'या आठवड्याची गंमत'. तीन दिवस मी तिच्याखालून खाली मान घालून गेले. काम सोडावं तर दुसरं काम कुठं आहे? मरावंसं वाटायचं, खरंच.

चौथ्या दिवशी जेवणाची सुट्टी झाली, तरी माझ्या शेजारी कामाला बसणाऱ्या सुमनमावशी उठेनात. पन्नाशी उलटलेली बाई.

"मावशी, उठा की."

"न्हाई गं. लुगडं भिजलंय."

कुणी हसलं नाही. मॅडम फळ्यापाशीच उभ्या होत्या.

माझ्या पोटातली भीती तिथंच मेली. मी फळ्यावरची चिठ्ठी काढली. खाली माझं नाव लिहिलं, वस्तीचं नाव लिहिलं, आणि मॅडमच्या हातात दिली. खुंटीवरचा बिल्ला घेतला आणि पेटीत टाकला. पेटीला कुलूप. किल्ली मालकाकडं, पुण्यात; ते आठवड्यातून एकदा येऊन उघडतात आणि चिठ्ठ्या मॅडमकडं देतात.

"आता जिला जायाचं, ती जाईल," मी म्हणाले.

मावशी उठल्या. त्यांच्या मागं आणखी चार जणी.

मॅडम म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नकोस."

"येनार."

काम राहील का, माहीत नाही. वस्तीवर चूल कशी पेटेल, तेही माहीत नाही. पण उद्या सकाळी मी घरून तांब्याभर पानी पिऊन निघणार. गेटवर अडवलं तर गेटवर बसणार. आणि मालकाला पुन्हा चिठ्ठी लिहिणार, याच 'न'नं, खाली नाव घालून.