पहाटेचे सत्कारमूर्ती

"घाला साहेब, नीट घाला. गाठ मागं जाऊ द्या," असं म्हणत आप्पा टोपी काढायचे आणि मान पुढं करायचे. झेंडूचा हार गळ्यात पडला की मिशीवरून बोट फिरवून फोटोसाठी ताठ उभे राहायचे. दुसऱ्या हातात पाण्याचा डबा. तुम्हाला वाटेल, कुठल्या तरी स्टेजवरचा सत्कार असेल. कसलं स्टेज हो! जळकोटकडच्या एका गावाबाहेर, बाभळीखाली, नुकतं उजाडताना चाललेला कार्यक्रम हा.

मी मुखेडचा. तेव्हा तालुक्याच्या एका ऑफिसची जीप चालवत होतो, कंत्राटावर. उघड्यावर परसाकडं बसणाऱ्यांना धरायचं पथक निघालं होतं. पहाटे गावाबाहेर गाडी लावायची, शिट्टी फुंकायची, जो सापडेल त्याच्या गळ्यात हार घालायचा आणि त्याचा फोटो तालुक्याच्या ग्रुपवर टाकायचा. खाली ओळ ठरलेली, 'यांना लाज कधी वाटणार?' पूर्वी म्हणे गाढवावर बसवून धिंड काढायचे. त्याला निदान गाढव तरी शोधावं लागायचं!

शिट्टी वाजली की माणसं धूम पळायची. कुणाचा डबा इकडं, कुणाची चप्पल तिकडं. आप्पा मात्र आमच्या दिशेनं पळत यायचे. साठी उलटलेला माणूस, धोतर सावरत, "आलो, आलो!" करत. पहिल्या दिवशी पथकाचे साहेब दचकून दोन पावलं मागंच सरले.

"रामराम साहेब! लई दिवसांनी कुणी सत्कार करून राहिलं आमचा."

हार पडला की आप्पांचं भाषण सुरू. "जमलेल्या मान्यवरांनो," असं म्हणून ते मला, साहेबांना, ग्रामसेवकाला आणि बाजूला चरणाऱ्या म्हशीलाही हात जोडायचे. गावचा इतिहास सांगायचे, यात्रेतल्या कुस्त्या सांगायचे. साहेब चुळबुळ करायचे. "आप्पा, पुरे," म्हणाले की आप्पा म्हणायचे, "आभारप्रदर्शन राहिलंय, साहेब. ते न्हाई केलं तर कार्यक्रमाला शोभा न्हाई."

आणि तो हार काढून टाकायचा की नाही? छे! दिवसभर गळ्यात. चहाच्या हॉटेलात, पिठाच्या गिरणीवर, महादेवाच्या देवळात. कुणी हसून विचारलं, "काय आप्पा, निवडून आलाव का?" की हे म्हणायचे, "हाव. बिनविरोध." ग्रुपवर त्यांचा फोटो पडला की खाली अभिनंदनाची रांग लागायची. साहेबांनी एकदा कपाळावर हात मारून घेतला. ज्याला लाजवायचं, तोच पेढे वाटायला निघाला तर पथकानं करावं तरी काय?

ड्रायव्हरला एक फायदा असतो. सगळे पुढं बघतात, तेव्हा त्याला आरशातून मागचं दिसतं. एकदा भाषण रंगात आलं असताना मी आरशात पाहिलं. ओढ्याच्या बांधामागून एकेक बाई उठत होती, तोंडावर पदर ओढून, वाकून, गावाकडं निघत होती. शेवटची बाई घरांच्या आड गेली आणि आप्पांचं आभारप्रदर्शन बरोबर तिथं संपलं. मग ते माझ्या खिडकीशी आले आणि हळूच म्हणाले, "डायवर साहेब, माणसानं नजर रस्त्यावर ठेवावी."

मी ठेवली. बायकोलासुद्धा बोललो नाही.

त्याला कारण होतं. शेजारच्या गावातल्या एका लेकुरवाळीचा फोटो असाच ग्रुपवर गेला होता. तिथून नवऱ्याच्या दोस्तांच्या ग्रुपवर, तिथून तिच्या माहेरी. ती बाई सख्ख्या बहिणीच्या लग्नालाही गेली नाही. घराबाहेर पडायचीच बंद झाली. आप्पांनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं. "पोरगी दारात रांगोळी काढायची, तीबी आता सासू काढती," एवढंच म्हणाले.

साहेब माणूस वाईट नव्हता, पण वरून विचारणा व्हायची आणि ते आप्पांच्या भाषणाला विटले होते. एके दिवशी त्यांनी डाव बदलला. मला गाडी ओढ्याच्या बाजूनं लावायला सांगितली. शिट्टी नाही, काही नाही. बांधाला वळसा घालून साहेब थेट पुढं गेले. बाकीच्या बाया पळाल्या, एक सापडली. आप्पांच्या शेजारची नवी सून, उदगीरची. हातातला लग्नाचा हिरवा चुडाही उतरला नव्हता. पळावं तर समोर साहेब, मागं काटेरी कुंपण. ती तोंड झाकून तिथंच बसली आणि साहेबांनी खिशातून मोबाईल काढला. तो फोटो चहा व्हायच्या आत उदगीरला पोचला असता. 

इतक्यात पलीकडच्या बाभळीखालून आप्पा आले. असे पळताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. धापा टाकत ते साहेबांच्या आणि पोरीच्या मधे उभे राहिले.

"हार माझा हाय, साहेब. दुसऱ्याला कामून?"

"बाजूला व्हा आप्पा! तुमचं नाटक बास झालं!"

"बरं. फोटूच पायजे ना? मग खराच घ्या." असं म्हणून आप्पांनी दोन्ही हात मागं नेले आणि धोतराचा काष्टा सोडायला घेतला.

"अहो! अहो आप्पा! काय करताय?" साहेब किंचाळले आणि गर्रकन पाठ करून, दोन्ही हातांनी डोळे झाकून उभे राहिले. मोबाईल पडला धसकटात. ग्रामसेवक आभाळ बघायला लागला. पोरगी तेवढ्यात वाऱ्यासारखी गावात पळाली. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून इतका हसलो, की हॉर्न वाजला.

साहेबांचा पारा चढला. "चला तुमच्या घरी! आजच्या आज नोटीस देतो. संडास का बांधला नाही?"

आप्पा निमूटपणे पुढं चालू लागले. घरामागं गेलो तर काय, पांढऱ्या फरशीचा चकचकीत संडास. पाण्यानं भरलेलं पिंप, साबण, दाराला आतून-बाहेरून कडी. साहेब कडी लावून-उघडून बघत राहिले.

"हा... कधी बांधला?"

"बायकू होती तवाच. तिच्यासाठी बांधला."

"मग बाहेर कशाला बसता?"

"मी कवा बसलो? डबा घेऊन नुसता फिरतो. आजच पयल्यांदा बसणार हुतो, तर तुम्ही पाठ केली!"

साहेबांनाही हसू आलं. दाबलं त्यांनी, पण आलंच. मग आप्पा ओट्यावर टेकले आणि सरळ बोलले. "साहेब, संडास घरोघर बांधलेत. त्यात गोवऱ्या भरल्यात. टँकर आठवड्याला येतो, ते पाणी प्यायचं का ओतायचं? मी एकटा जीव, मला पुरतं. घरात सात माणसं असली तर बाईनं जायचं कुठं? गडी पकडला तर हसतंय गाव. बाई पकडली तर मरती ती. मला घाला की हार, माझं काय जातंय!"

साहेब ओट्यावर त्यांच्या शेजारी बसले. चहा प्याले. त्या गावात शिट्टी परत वाजली नाही. उलट गावच्या पाण्यासाठी साहेबांनी वरच्या ऑफिसात इतक्या चकरा मारल्या, की माझ्या जीपचे टायर झिजले. वर्षभरानं नळाला पाणी आलं, गोवऱ्या बाहेर निघाल्या. आप्पा मला भेटले की तक्रार करायचे, "काय डायवर साहेब, आमचे सत्कारच बंद पाडले तुम्ही!"

गेल्या उन्हाळ्यात आप्पा गेले. निरोप आला तसा मी निघालो. लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणं त्यांना बसवून, भजन म्हणत नेत होते. चेहरा तसाच, आत्ता काहीतरी फिरकी घेतील असा. त्या गावात बाया वेशीपर्यंत येतात आणि तिथून माघारी फिरतात. वेशीपाशी एका जाणत्यानं हात आडवा धरला. "बायांनो, फिरा आता."

बाया थांबल्या. ती उदगीरची सून पुढं आली, कडेवर लेकरू. सासरा समोर, दीर समोर, सगळं गाव समोर. तरी बोलली.

"आम्ही डबा घेऊन बाहेर बसायचो, तवा आप्पा आमच्यापायी रोज ही वेस ओलांडत हुते. गावाचं हसू अंगावर घेऊन. मला तर त्यांनीच वाचवलं. आज त्यांना सोडून आम्ही मागं फिरायचं?"

 जाणत्याचा हात आपोआप खाली आला. बाया पुढं निघाल्या, सगळ्याच्या सगळ्या, आणि एकीनंही तोंडावर पदर ओढला नव्हता.