मोठ्या आईचं मोरीचं विरजण

भिकुबाई माझी चुलत सासू. सारंगखेड्याच्या आमच्या घरात सगळे तिला मोठी आई म्हणायचे. मी सून म्हणून आले ते साल अडतीस. चार घरच्या बायकांना पापड, कुरडया येतात. मोठ्या आईला मोरीचं पाणी गोड करता यायचं.

न्हाणीचं, भांड्यांचं पाणी मागच्या परसात जाई. तिथे गुडघाभर खड्डा, त्यात मुठीएवढे खडे भरलेले. त्यातून झिरपून पाणी अळूला, केळीला पोचेपर्यंत त्याला वास म्हणून राहत नसे. खड्यांवर बुळबुळीत थर असायचा. मोठी आई त्याला साय म्हणायची.

"ती साय जित्ती शे बेटा. तीच आपली घान खाई टाकस," असं तिनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं. मी तोंडाला पदर लावून हसले.

सासरे, हिंमतराव, नव्या वाऱ्याचे. पंधरा दिवसांनी माझ्या नणंदेला, तापीला, बघायला पाहुणे येणार होते. घर लखलखीत दिसावं म्हणून सासऱ्यांनी धुळ्याहून फिनेलची मोठी बाटली आणली आणि अख्खी मोरीत ओतली. दोन दिवस घराला दवाखान्याचा वास. तिसऱ्या दिवशी कुजक्या अंड्याचा. अळू पिवळं पडलं.

मोठ्या आईनं खड्ड्यातला एक खडा काढून चोळला. खरखरीत लागला.

"हिंमतभाऊ, तुम्ही मन्ही साय मारी टाकी."

"वहिनी, फिनेल जंतू मारस. डॉक्टर बी वापरतस."

"मारस ना! पन वाईट कोनता, चांगला कोनता, हाई बाटलीले कोन सांगी?"

सासरे चिडले. "पाव्हना येवाना आदल्या दिन वास ऱ्हायना, ते मी खड्डा बुजाडी टाकसू!"

बारा दिवस उरले होते. खड्डा गेला की केळी जाणार आणि घाण अंगणातून वाहणार, हे मोठ्या आईला दिसत होतं. तिनं दोधू सालदाराकडून खड्डा उपसून घेतला, खडे विहिरीच्या पाण्यानं तीनदा धुवून घेतले. मग हुकूम काढला, "कोन्ही बी साबन लावाना नही." सगळं घर बेसनावर आलं. सासरे अंगाला बेसन फासून न्हाणीत निघाले की सासूबाई विचारायच्या, "तेल तापाडू का? भजं तयार शे."

मग आम्ही दोघी गाडी जुंपून लोणखेड्याला गेलो. तिथे मोठ्या आईची बहीण सिंधुबाई. तिचा खड्डा लागला होता तो आमच्याच खड्यांवर. दह्याला विरजण देतात तसे मोठ्या आईनंच ते दिले होते. आता तिनं तिथले बुळबुळीत खडे मडक्यात भरले, वर ओलं गोणपाट टाकलं आणि मडकं मांडीवर घेऊन बसली.

वाटेत रूपचंद वाणी भेटला. "भिकुबाय, तूप ली चालनी का?"

"तूप ते तुन्हा दुकानमा भेटस. हाई भेटस नही!"

खडे खड्ड्यात गेले. रोज वाटीभर भाताची पेज त्यांच्या तोंडी. सहा दिवस काहीच होईना. सासऱ्यांनी दगड आणून परसात रचून ठेवले. मोठी आई येता-जाता त्या दगडांकडे बघायची आणि खड्यांना म्हणायची, "उठा रे बाबा, पाव्हना ई ऱ्हायनात."

दहाव्या दिवशी तिनं खडा उचलला तो बोटांतून सटकला. मोठी आई लहान पोरीसारखी टाळ्या वाजवत घरात आली.

आदल्या संध्याकाळी सासरे खड्ड्याकाठी उकिडवे बसले. नाक लावलं. पुन्हा लावलं. मग दोधूला म्हणाले, "त्या दगड गोठाकडे ली जाय."

पाहुणे आले. जेवणं झाली. मुलाची आई हात धुवायला मागे गेली, ती तशीच खरकट्या हातानं परत आली. "बाई, तुमनी मोरी कोठे शे? माले वास बी उना नही, सापडनी बी नही."

मोठी आई लगबगीनं उठली आणि तिचा तोच खरकटा हात धरून तिला परसात घेऊन गेली. दोघी परतल्या तेव्हा लग्न जमल्यातच जमा होतं.

वैशाखात तापी सासरी निघाली. गाडीत भांडी, गोधड्या आणि ओल्या गोणपाटातलं एक मडकं. ऊन कडक होतं. गोणपाट वाळू नये म्हणून सासरे तांब्या घेऊन गाडीपाशी आले आणि डोळे पुसत पुसत मडक्यावर पाणी शिंपडत राहिले.