गालावर राहणारे

हिंजवडीत कंपन्यांच्या काचेच्या इमारती एकामागून एक उभ्या राहत होत्या, त्या काळात माझ्या ताईला तिथे सॉफ्टवेअर तपासायची नोकरी लागली. पुढे मीही कॉलेजसाठी वर्ध्याहून तिच्याकडे आले. वाकडला आमची एकच खोली. एक गादी, एक आरसा आणि दारामागच्या खिळ्यावर दोघींचा मिळून एक टॉवेल. कंपनीची बस यायच्या आधी ताई माझी वेणी घालायची. वेणी झाली की दोन्ही तळवे माझ्या गालांवर दाबायची आणि म्हणायची, "हं, निघ आता."

ताईला मुरुमं फार यायची. लाल, दुखरी, हनुवटीपासून कानापर्यंत. घरी असताना बेसन, चंदन, मुलतानी माती, सगळं करून झालं होतं. पुण्यात ऑफिसातल्या एका मैत्रिणीने तिला क्लिंडामायसिनचं जेल सुचवलं. म्हणजे अँटिबायोटिकच, फक्त गिळायचं नाही, चेहऱ्याला लावायचं. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने काही न विचारता ट्यूब काढून दिली.

त्या जेलने कमाल केली. काही आठवड्यांत ताईचा चेहरा इतका नितळ झाला की आईने नवा फोटो काढून पाठवायला सांगितला. स्थळं बघणं सुरू होतं. ताई तेव्हा फार आनंदात असायची. मुरूम गेलं की जेल बंद करायची, एखादं दिसलं की पुन्हा सुरू. नंतर काही नसतानाही लावायला लागली. "आलंच नाही पाहिजे ना," म्हणायची.

असं दोनेक वर्षं चाललं. मग मुरुमं परत आली. ताईने जेल वाढवलं, दिवसातून दोनदाचं चारदा केलं. काही फरक पडेना. ती आरशासमोर उभी राहायची, स्वतःकडे नाही, कुणा दुसऱ्याकडे बघितल्यासारखी.

त्याच सुमारास माझ्याही कपाळावर आणि गालांवर मुरुमं उठली. तोवर माझा चेहरा स्वच्छ होता. ताईची ट्यूब मी कधी हातात धरली नव्हती, मला त्या स्पिरिटसारख्या वासाने मळमळायचं. जवळच्या डॉक्टरांनी मलाही तेच जेल लिहून दिलं. सांगितल्याप्रमाणे लावलं, पण पहिल्या दिवसापासून पाणी लावल्यासारखंच.

शेवटी आम्ही दोघी कर्वे रोडवरच्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. पांढरे केस, बारीक आवाज. त्यांनी ताईला विचारलं, "किती वर्षं लावताय?"

ताईने सांगितलं.

"बरोबर दुसरं काही?"

"नाही."

"अहो, हे औषध आहे. साय नाही रोज चोपडायला." मग जरा थांबून, समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "एकटं अँटिबायोटिक असं वर्षानुवर्षं लावलं की त्याने मरणारे जंतू मरतात. ज्यांना त्याचं काही वाटत नाही ते उरतात आणि वाढतात. तुमच्या गालावर आता बहुतेक तेच राहतायत."

मी माझं सांगितलं, की मी तर हे कधी लावलंच नव्हतं. बाईंनी भिंगातून माझं कपाळ बघितलं.

"दोघी एकत्र राहता?"

"हो."

"मग जंतूही एकत्रच राहणार. बरोबर राहणाऱ्यांच्या कातडीवर ते जातात. तुमच्या बाबतीत तसंच झालं असेल हे मी छातीठोकपणे नाही सांगणार. पण शक्य आहे."

ताईने विचारलं, "मग ते जातात का कधी?"

"औषध थांबवलं की कमी होतात. किती आणि कधी, ते मला तुमच्याकडे बघून कळणार नाही." त्यांनी दोघींचं ते जेल बंद केलं आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड लिहून दिलं. जंतू याला सरावत नाहीत, म्हणाल्या. जाताना बजावलं की घाबरण्यासारखं काही नाही.

मी घाबरले नाही. पण परतताना बसमध्ये ताई पूर्ण वेळ स्वतःचे तळवे उघडून बघत होती.

दुसऱ्या दिवशी दारामागे दुसरा खिळा आणि दुसरा टॉवेल आला. उशांचे अभ्रे ती उकळत्या पाण्यात घालू लागली. झोपताना भिंतीकडे तोंड करायची. वेणी घालायची, पण झाली की हात मागे घ्यायची. मी एकदा तिचे हात धरून माझ्या गालांकडे न्यायला गेले, तर तिने झटक्यात सोडवून घेतले.

"माझ्यावरून तुझ्यावर आलंय ते," ती म्हणाली.

"डॉक्टर म्हणाल्या नक्की नाही."

"नाही असंही नाही म्हणाल्या."

नव्या औषधाने टॉवेलवर पांढरे डाग पडले, कातडी सोलली, आणि काही महिन्यांत दोघींचे चेहरे सुधारले. ताईचं लग्न झालं, ती बंगलोरला गेली. मला वाटलं, आता संपलं.

माझ्या मुलीच्या बारशाला ती आली. आल्याआल्या कोपरापर्यंत हात धुतले. मी बाळ तिच्या मांडीवर दिलं. तिने नीट घेतलं, पण मान वळवून बसली. आई म्हणाली, "अगं, पापा घे की तिचा."

"सर्दी झालीय मला," ताई म्हणाली. तिला सर्दी नव्हती.

पाहुणे गेल्यावर तिने हळूच विचारलं, "तिच्या गालावर ते काय आलंय?"

"घामोळं आहे, ताई."

"नक्की? दाखवलंस कुणाला? आपल्या मनाने काही लावू नकोस." तिचे डोळे भरले होते. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

मुलगी आता शाळेत जाते. ताईचा फोन येतो, ऑफिस, ट्रॅफिक, आईची गुडघेदुखी असं सगळं बोलून होतं. मग ती विचारते, "तिच्या चेहऱ्यावर काही नाही ना?" मी नाही म्हणते. मुलगी शेजारीच गृहपाठ करत असते. तिच्या गालाकडे निघालेला माझा हात मधेच थांबतो, आणि मी तो तिच्या केसांवरून फिरवते.