छाती दाबली होती का?

आमच्या अँब्युलन्सवरच्या अटेंडंटला सगळे दादा म्हणतात. मी त्याची गाडी चालवतो, त्यामुळे त्याचं कौतुक करायचा आणि त्याला शिव्या घालायचा, दोन्ही हक्क माझ्याकडे आहेत.

माणूस लोण्याहून मऊ. कुणाचं हृदय बंद पडलं की आम्ही पोहोचेपर्यंत घरचे नुसते भोवती उभे असायचे. कुणी तोंडावर पाणी मारायचं, कुणी तळपाय चोळायचं. छाती दाबत राहिलं तर माणूस हाती लागू शकतो, हे कुणाला ठाऊकच नसायचं. माणूस गेला की दादा घरच्यांना सांगायचा, "तुम्ही जमेल ते सगळं केलंत." इथवर ठीक. पण अशा प्रत्येक केसची माहिती देशभराच्या नोंदणीत भरावी लागते. गाडी येण्याआधी कुणी छाती दाबली होती का, या प्रश्नाला दादा दर वेळी 'होय' भरायचा.

"खोटं कशाला भरतोस?" मी एकदा विचारलं.

"घरचं माणूस गेलंय त्यांचं. वर ठपका कशाला? आपल्या बापाचं काय जातंय?"

जायचं ते गेलंच. जिथे 'नाही' जास्त, तिथे छाती दाबायला शिकवणारी पथकं आधी पाठवायची, असं नोंदणीवाल्यांनी ठरवलं. आमच्या गावातून 'होय'चा पाऊस. पथक वेशीवरून सरळ पुढच्या गावी गेलं. ते कळल्यावर दादाला घास गोड लागेना. "साहेबांना खरं सांगून टाकतो," म्हणायचा आणि आज-उद्या करत राहायचा. नोकरी जाईल ही भीती, दुसरं काय.

मग एका सकाळी पत्ता आला तो त्याच्या थोरल्या भावाचा. चहा पिता पिता कोसळला होता. पुतण्या वारा घालत होता, वहिनी तळपाय चोळत होत्या. दादा छाती दाबत राहिला, मी त्याचे हात धरेपर्यंत.

"भावजी, आम्ही काही करायला हवं होतं का?" वहिनींनी विचारलं.

नेहमीचं वाक्य त्याच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. त्याने ते गिळलं. "छाती दाबायला हवी होती, वहिनी. पण तुम्हाला कोणी शिकवलंच नाही. शिकवणारे येणार होते, ते माझ्यामुळे आले नाहीत."

वहिनींना त्यातलं काही उमगलं नाही. त्यांनी दिराच्या पाठीवर हात ठेवला.

"असं नका बोलू, भावजी. तुम्ही जमेल ते सगळं केलंत."