बेल न वाजवता

चावीवाल्याबद्दल लिहावं इतकी माझी त्याची ओळख नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. इतकी वर्षं त्याच्या टपरीवरून गेलो-आलो, चार-दोनदा चावी करून घेतली, उभ्या उभ्या गप्पा मारल्या, एवढंच. त्याची बायको वारली होती, हेसुद्धा मला फार उशिरा कळलं. पुढचं बरंचसं त्याच्या मुलीनं सांगितलेलं आहे. मधल्या जागा मी माझ्या समजुतीनं भरल्या आहेत. त्यात चुकलं असेल तर ते माझंच.

माणूस बोलका. दार लागलं म्हणून कुणी घामाघूम होऊन टपरीवर आलं, की हातातली कानस खाली न ठेवता विचारायचा, "साहेब, चावी हरवली, की घरच्यांनी बाहेर काढलं? दुसरं असेल तर मी येऊन उपयोग नाही." समोरच्याला हसू फुटायचं आणि त्याची घाबरगुंडी कमी व्हायची. आमच्या वसाहतीतल्या बहुतेक दारांना त्याचा हात लागलेला होता.

त्याची एक पद्धत होती. बिजागऱ्या आवळून नवं लॅच बसवलं, की दुसऱ्या दिवशी तो परत जायचा. दार एका दिवसात केसभर खाली बसतं आणि लॅचची जीभ खाचेला घासायला लागते, म्हणायचा. म्हणून हँडल दोनदा दाबायचं, दार खांद्यानं हलकेच रेटायचं, कान लावून जीभ पडल्याचा आवाज ऐकायचा. सगळं ठीक असेल तर तसंच निघून यायचं. एवढ्यासाठी घरातल्यांना कशाला उठवायचं?

हेच त्यानं तिसऱ्या मजल्यावरच्या बाळंतिणीच्या दाराशी केलं. "दुपारी बाळ झोपलेलं असतं हो काका, बेल तेवढी वाजवू नका," असं तिनंच आदल्या दिवशी बजावलं होतं. समोरच्या घराच्या दारावर नुकताच कॅमेरा लागला होता. त्यात टिपलं गेलं ते असं, की टोपी घातलेला एक माणूस जिना चढून येतो, इकडेतिकडे बघतो, हँडल दाबतो, दाराला खांदा लावतो, कान लावतो आणि पाय न वाजवता निघून जातो.

समोरच्या बाईंनी तो व्हिडिओ वसाहतीच्या ग्रुपवर टाकला. "कोण आहे हा? भरदुपारी! सावध राहा." त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. व्हिडिओ बघून मीही उठून दाराची कडी लावली होती.

बाळंतिणीनं संध्याकाळी फोन बघितला आणि घाईघाईनं लिहिलं, "अहो, ते आपले चावीवाले काका आहेत! लॅच बघायला आले होते." तेवढ्यावर मिटायला हरकत नव्हती. पण खाली कुणीतरी लिहिलं, "ओळखीचाच असतो, म्हणून तर भीती." दुसऱ्यानं विचारलं, "लॅच बसवणारा एक चावी स्वतःकडे ठेवून घेत नसेल कशावरून?" घेतली नाही, हे दाखवायचं कसं? तोवर व्हिडिओ आजूबाजूच्या वसाहतींत पोचला होता. बाळंतिणीचं वाक्य त्याच्याबरोबर गेलं नाही. उलट एका माणसाची तिकडे टोळी झाली. मीही ग्रुपवर लिहिलं, "मी यांना ओळखतो. माणूस सरळ आहे." लिहून, खोडून, पुन्हा लिहून पाठवलं. त्यावर लगेच कुणाच्या तरी वाढदिवसाचे केक येऊन पडले.

चावीवाल्याकडे बटणांचा फोन. त्याची मुलगी औषधांच्या दुकानात कामाला होती. तिथल्या एका गिऱ्हाइकानं तिला हे सगळं पाठवलं. तिनं घरी येऊन वडिलांना दाखवलं.

"हा मी आहे?" तो म्हणाला. "चोरासारखाच दिसतोय की!"

"बाबा, हसू नका."

"मग लिही ना यांना, की असं असं आहे म्हणून."

"मला नाही लिहिता येत तिथं. तिथं राहणाऱ्यांनाच घेतात."

"म्हणजे माझ्याबद्दल बोलायचं तिथं, आणि मी बोलायचं कुठं?"

टपरीवर माणसं येईनात. समोरून जाताना बायका पर्स दुसऱ्या खांद्यावर घेऊ लागल्या. दुसराच एक चावीवाला हत्यारांची पिशवी घेऊन वसाहतीत जाता-येताना दिसायला लागला. एकदा कचऱ्याच्या डब्याशी उतरवलेली लॅचं पडलेली होती. कुठलं कुणाच्या दाराचं, हे त्याला लांबूनच कळलं.

मग त्यानं ठरवलं, घरोघर जाऊन सांगायचं. मुलीनं हात जोडले.

"नका जाऊ, बाबा. थोडे दिवस कळ काढा. विसरतील लोक."

"काय विसरतील? चोर होता, हे विसरतील. चोर नव्हता, हे त्यांना कधी कळायचं?"

त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला. चेहरा नीट दिसावा म्हणून टोपी घरी ठेवली. या वेळी प्रत्येक दाराची बेल वाजवली. बरीचशी दारं उघडली नाहीत. तिथं तो कॅमेऱ्यासमोर उभा राहून बोलला, "नमस्कार, मी चावीवाला. मी कुणाची चावी ठेवून घेत नाही. संशय असेल तर मला तोंडावर विचारा." आवाज पोचावा म्हणून तोंड भिंगाजवळ न्यायचा.

ग्रुपवर एकामागून एक व्हिडिओ येऊ लागले. बहुतेकांत आवाज नव्हता. "आज आमच्याकडे!" "आमच्याकडेही." "घरं हेरतोय." "तोंड बघा, धमकावतोय बहुतेक." पहिल्या व्हिडिओत टोपीखाली लपलेला चेहरा आता घरोघरी पोचला.

पहारेकरी त्याच्या रोजच्या चहाचा सोबती. "काका, तुम्हाला आत सोडलं तर माझी नोकरी जाईल हो," असं म्हणताना त्याला रडू आलं. कुणीतरी टपरीवर काळा रंग फासला. तो चावीवाल्यानं घासून काढला. पण औषधांच्या दुकानात एक जण मुलीला "तूच का त्याची मुलगी?" असं विचारून औषध न घेता निघून गेला, तेव्हा तिनं नोकरी सोडून बापाला घेऊन मावशीच्या गावी राहायला जायचं ठरवलं.

मुलगी तिथून मला अधूनमधून फोन करते. तिथं तो कुठल्याही दाराला हात लावत नाही, म्हणते. बाहेरून आला की स्वतःच्याच घराच्या पायरीवर उभा राहतो, ती आतून उघडेपर्यंत. हाक मारत नाही, कडी वाजवत नाही. किती वेळ उभा होता, हे तिला कळतही नाही.

जाण्याच्या आदल्या दिवशी तो माझ्याकडे आला होता. पहारेकऱ्यानं पाठ फिरवली म्हणून आत येऊ शकला. मी कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवायला दार उघडलं, तर हा जिन्यात उभा.

"कॅमेरा आहे का हो तुमच्याकडे?"

"नाही."

"मग बसू का जरा?"

आत येऊन खुर्चीच्या कडेवर टेकला. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते. काहीतरी धीराचं बोलावं, असं फार वाटत होतं. शेवटी मी विचारलं, "पाणी देऊ? फ्रीजमधलं?"

"नको, साधंच द्या. दात शिवशिवतात."

"माझेही."

"वय झालं आपलं," तो म्हणाला.